नाशिकहून पूर्व आशिया: बीए आणि एमए एकाच आखणीत कसं बसवायचं

जपान, कोरिया, चीन, तैवान यांचा अभ्यास करायचाय, सोबत आंतरराष्ट्रीय राजकारणही हवंय आणि बीए-एमए मिळून सगळं पाच वर्षांत आटपायचंय, असं म्हणणारी मुलं नाशिकमध्ये आता बऱ्यापैकी भेटतात. त्यांच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हा कोर्स कुठल्या कॉलेजला आहे?" सरळ उत्तर असं, की पूर्व आशिया अभ्यास या नावाची पदवी नाशिकच्या कॉलेजांत मिळत नाही. ती जुळवून घ्यावी लागते. मेजर म्हणजे मुख्य विषय एका ठिकाणी, भाषा दुसऱ्या ठिकाणी, एमए तिसऱ्याच शहरात. मी राज्यशास्त्र घेऊन याच वाटेने गेले. त्यामुळे कुठे काय अडतं ते क्रमाने सांगते.

१. सगळ्यात आधी भाषा ठरवा

कॉलेज नंतर, भाषा आधी. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं लांबतं. राज्यशास्त्राचा पेपर महिनाभर रात्र जागून काढता येतो, कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चिन्हं, तशी काढता येत नाहीत. पूर्व आशियावर एमए करणाऱ्याला दुसऱ्या वर्षी त्या भाषेतलं वर्तमानपत्र आणि सरकारी कागद वाचता यावेत, अशी चांगल्या विभागांची अपेक्षा असते. ती तयारी एफवायला सुरू केली तरच वेळेत होते.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला जपानी सगळ्यात सोयीची, असं माझं मत आहे. कारण पुणे जवळ आहे. पुण्यात जपानी शिकवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्रही तिथेच आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड. नाशिक-पुणे थेट रेल्वेमार्ग नाही, म्हणून शनिवारीच एसटीने निघा. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत गाडी जाते आणि चाकणपाशी किती वेळ अडकेल हे कुणी सांगू शकत नाही. शिवाजीनगरचा एसटी स्टँड सध्या वाकडेवाडीला आहे, तिथे उतरा.

कोरियनची लिपी लवकर येते, म्हणून मुलं खूश होतात. क्रियापदांची आदरार्थी रूपं आली की खरा अभ्यास सुरू होतो. परीक्षा टोपिक, पातळ्या १ ते ६. नाशिकमध्ये समोर बसवून शिकवणारा शिक्षक मिळणं कठीण, त्यामुळे बहुतेकांना ऑनलाइन वर्गांवरच भिस्त ठेवावी लागते.

चिनीकडे फार कमी मुलं वळतात, आणि संशोधनात नेमकी तिचीच गरज मोठी आहे. फक्त एक आधीच ठरवा: चीनमध्ये सोपी केलेली चिन्हं चालतात, तिथली परीक्षा एचएसके. तैवानमध्ये पारंपरिक चिन्हं, तिथली परीक्षा टॉकफल. पुढे तैवानला जायचं असेल तर पारंपरिक चिन्हांची ओळख पहिल्या वर्षापासून ठेवा.

मराठी माणसाला जपानी आणि कोरियन वाक्यरचना परकी वाटत नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, सगळं ओळखीचं. इंग्रजीतून भाषांतर करत शिकू नका, सरळ मराठीतून विचार करा. वेळ वाचतो.

सावध राहा: जेएलपीटीच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, पण टोपिकचा निकाल दोनच वर्षं चालतो. बारावीच्या सुट्टीत दिलेली टोपिक एमएच्या अर्जाला उपयोगी पडणार नाही.

२. वर्षांचा हिशेब करा

"बीए-एमए एकत्र" म्हणताना लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाने बोलतात. गोंधळाचं मूळ इथे आहे.

पहिली, आपल्याकडची नवी रचना. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, मग एमए दोन वर्षांचं. किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं, मग एमए एका वर्षाचं. दोन्हीकडे बेरीज पाचच. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत, म्हणजे नाशिकच्या बहुतेक कॉलेजांत, ही रचना २०२४-२५ च्या पहिल्या वर्षापासून लागू झाली. चौथ्या वर्षात 'ऑनर्स विथ रिसर्च' घ्यायचं तर यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्क्यांची अट आहे. आणि चौथं वर्ष प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक विषयाला असेलच असं नाही. प्रवेश घेतानाच ऑफिसात विचारा: "या विषयाचं चौथं वर्ष इथेच होणार का?" उत्तर "बघू पुढे" असं आलं तर ते नाही समजा.

दुसरी, केंद्रीय विद्यापीठांतली एकाच छताखालची वाट. भाषेत बीए ऑनर्स आणि त्याच विभागात पुढे एमए. त्याबद्दल चौथ्या टप्प्यात.

तिसरी, अमेरिकेतली '४+१' पद्धत. तिथला विद्यार्थी बीएच्या तिसऱ्या वर्षी स्वतःच्याच विद्यापीठात एमएसाठी अर्ज करतो, चौथ्या वर्षी एमएच्या पातळीचे काही कोर्स करतो आणि ते दोन्ही पदव्यांत मोजले जातात. दोन्हीकडे मोजायच्या क्रेडिटना मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी ती ९ ते १२ च्या आसपास. त्यामुळे एमएचं दोन वर्षांचं काम एका वर्षात बसतं. पूर्व आशिया आणि जागतिक अभ्यासाच्या विभागांत ही सोय बऱ्यापैकी दिसते, कारण भाषेचे वरच्या पातळीचे वर्ग दोन्हीकडे मोजायला सोपे जातात. पण ही सोय त्या विद्यापीठाच्या चालू विद्यार्थ्यालाच मिळते. नाशिकला बीए करून वरचं '१' तेवढं अमेरिकेत जोडता येत नाही. कोरियातही बीए-एमए जोडणारे असे अभ्यासक्रम आहेत, नियम तोच. मला ही विचारणा सगळ्यात जास्त येते आणि इथेच सगळ्यात जास्त हिरमोड होतो.

तीन वर्षांच्या पदवीची आणखी एक अडचण आहे. बारा अधिक तीन म्हणजे पंधरा वर्षं शिक्षण. जपानमध्ये मास्टर्सच्या प्रवेशाचा जुना आणि सर्वसाधारण निकष सोळा वर्षांचा आहे. तीन वर्षांच्या परदेशी पदवीला आता वाव आहे, पण अनेक विद्यापीठं अशा अर्जदाराची पात्रता आधी वेगळी तपासतात आणि त्या तपासणीची तारीख मुख्य अर्जाच्या बरीच आधी असते. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनाही चार वर्षांची पदवी लागते. ब्रिटनमध्ये तीन वर्षं सहसा चालतात, कारण त्यांची स्वतःची पदवीच तीन वर्षांची आहे. म्हणून जपान डोळ्यांसमोर असेल तर चौथं वर्ष करा. पुढे एमए भारतातच केलं तरी वर्ष वाया जात नाही, कारण इथलं एमए एक वर्षाने कमी होतं.

३. नाशिकमध्ये राहून काय जुळवता येतं

मेजर म्हणून राज्यशास्त्र, इतिहास किंवा अर्थशास्त्र. तिन्ही चालतात. घरचे "इंग्लिश लिटरेचर घे, स्कोप आहे" म्हणतील. इंग्रजी मेजर वाईट नाही, पण मग मायनर, म्हणजे दुय्यम विषय, राज्यशास्त्र किंवा इतिहास घ्याच. पाली मिळत असेल तर मायनरला तिचा विचार करा. चीन, कोरिया आणि जपानचा बौद्ध इतिहास तिच्याशी जोडलेला आहे, आणि महाराष्ट्रात पाली शिकवणारी माणसं आहेत. ही सोय दिल्लीच्या अनेक मुलांना नाही.

ओपन इलेक्टिव्हच्या, म्हणजे मेजरबाहेरच्या ऐच्छिक कोर्सच्या, जागी कॉलेज काय देतं ते पाहा. 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावर जपानी भाषेचे प्राथमिक कोर्स येतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका अभ्यासक्रमातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम्'वरून करता येतात. प्रत्यक्षात कॉलेजने तो कोर्स मान्य करायला हवा. ही मान्यता कोर्स सुरू व्हायच्या आधी, लेखी घ्या. परीक्षा झाल्यावर प्रमाणपत्र घेऊन गेलात तर "आम्हाला आधी का नाही विचारलं" एवढंच ऐकून परत यावं लागतं.

क्रेडिट साठवण्यासाठी अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक काढा. डिजिलॉकरमधून निघतो, पैसे लागत नाहीत. त्यातलं नाव आणि मार्कशीटवरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे.

भाषेसाठी पुण्यात दोन ठिकाणं पाहून ठेवा. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचं बीए आणि एमए आहे. नाशिकमधल्या खासगी क्लासला फी भरण्याआधी शिकवणाऱ्याची स्वतःची पातळी विचारा. एन४ झालेला माणूस एन५ शिकवू शकतो, पुढे नाही. विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच.

मग दोन पदव्या एकदम? एप्रिल २०२२ पासून यूजीसीने परवानगी दिली आहे. दोन्ही नियमित असतील तर वर्गांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, किंवा एक नियमित आणि दुसरी दूरशिक्षण वा ऑनलाइन असू शकते. यातून बीए आणि एमए एकाच वेळी करता येतील असं समजू नका. एमएला पदवी लागतेच. आणि कागदावर परवानगी असली तरी दोन बीए एकदम रेटण्यापेक्षा एक बीए आणि भाषेचा डिप्लोमा हे जास्त शहाणपणाचं आहे. दोन्हीकडे जेमतेम गुण पडले तर एमएच्या अर्जात दोन्ही कामाचे नाहीत.

४. बारावीनंतरच बाहेर पडायचं असेल तर

घरची तयारी असेल तर ही वाट सगळ्यात सरळ. दिल्लीच्या जेएनयूमध्ये जपानी, चिनी आणि कोरियन तिन्हींत बीए ऑनर्स आहे, प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेवर. त्याच विद्यापीठात आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं स्कूल आणि त्यात पूर्व आशिया अभ्यास केंद्र आहे, त्यामुळे भाषा एका इमारतीत आणि राजकारण दुसऱ्या इमारतीत, असं पाच वर्षांत जमतं. हैदराबादच्या इफ्लूमध्ये, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठात, या भाषा आहेत. रांचीच्या झारखंड केंद्रीय विद्यापीठात सुदूर-पूर्व भाषांचा विभाग आहे. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत १९३७ पासून चीन भवन आहे, निप्पोन भवनही आहे.

सीयूईटीत भाषेची पूर्वतयारी विचारत नाहीत. म्हणजे बारावीला एकही जपानी अक्षर न येणारा मुलगाही जेएनयूला जाऊ शकतो. नाशिकमध्ये हे फारसं कुणाला माहीत नसतं.

५. एमए कुठे

भारतात दिल्ली विद्यापीठाचा पूर्व आशिया अभ्यास विभाग, जिथे पूर्व आशिया अभ्यासात आणि जपानीत एमए आहे. दुसरं जेएनयू. दोन्हींसाठी सीयूईटी-पीजी. पुण्यात सिम्बायोसिसच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास संस्थेत एमए आहे, पण तिथली फी आधी बघा. पुणे विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग चीनच्या सुरक्षा धोरणात रस असणाऱ्यांना चांगला.

परदेशात इंग्रजीतून शिकवणारे विभाग बरेच आहेत. टोकियोत वासेदाचा आशिया-पॅसिफिक अभ्यासाचा पदव्युत्तर विभाग, सोफियाचा ग्लोबल स्टडीज, सेऊलमध्ये योनसे आणि इव्हा विद्यापीठांचे आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे पदव्युत्तर विभाग, तैपेईत राष्ट्रीय चंगची विद्यापीठाचा आशिया-पॅसिफिक अभ्यास. लंडनचं सोआस १९१६ पासून याच कामात आहे.

"इंग्रजीतून आहे, मग भाषा कशाला" असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. प्रवेश मिळेल. पण प्रबंध लिहिताना तुम्ही इतरांनी भाषांतरित केलेल्या साहित्यावरच जगाल, आणि 'जागतिक' अभ्यासाच्या नावाखाली चार इंग्रजी बातम्या जोडून द्याल.

६. शिष्यवृत्त्या, आणि त्यांच्या बारीक अटी

जपान सरकारची मेक्स्ट. महाराष्ट्रातल्या अर्जदारांनी मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे लक्ष ठेवायचं. तिचे आपल्या कामाचे तीन प्रकार आहेत. बारावीनंतरचा पदवीचा: पहिलं वर्ष भाषेचं, मग चार वर्षं पदवी, आणि पुढे मास्टर्सला गेल्यास शिष्यवृत्ती वाढवून मिळावी म्हणून अर्ज करता येतो. बीए-एमए जोडण्याची ही सगळ्यात सुंदर सोय. फक्त सामाजिक शास्त्रांच्या अर्जदारालाही लेखी परीक्षेत गणित असतं. कला शाखेची मुलं इथेच गारद होतात, म्हणून अकरावीत गणित सोडू नका. दुसरा, पदवीनंतरचा संशोधक विद्यार्थ्याचा. तिसरा, एका वर्षाचा 'जपानी अभ्यास'. यात जपानी भाषा किंवा संस्कृती हाच तुमच्या पदवीचा मुख्य विषय लागतो. राज्यशास्त्र मेजर आणि बाजूला एन३ एवढ्यावर तो मिळत नाही, टिळक विद्यापीठातला बीए जपानीचा विद्यार्थी मात्र बसतो.

कोरियाची जीकेएस. पदवीसाठी अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला, पदव्युत्तरसाठी फेब्रुवारी-मार्चला. पहिलं वर्ष भाषेचं, आणि टोपिक ३ गाठल्याशिवाय पुढचा अभ्यासक्रम सुरू होत नाही. गुणांची अट ८० टक्के, किंवा वर्गात वरच्या २० टक्क्यांत. आपल्याकडे कला शाखेत ८० टक्के किती कठीण हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे कॉलेजकडून वर्गातल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र मागा. असा कागद कॉलेजने कधी दिलेला नसतो, म्हणून मजकूर तुम्हीच टाइप करून न्या.

तैवानची ह्वायू शिष्यवृत्ती केवळ भाषा शिकण्यासाठी आहे, चौथ्या वर्षाआधी किंवा एमएआधी काही महिने काढायला उत्तम.

अमेरिकी विद्यापीठांच्या पानांवर 'फ्लास' नावाची परदेशी भाषांची फेलोशिप दिसेल. ती अमेरिकी नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांनाच असते. तिच्यावर वेळ घालवू नका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पाहावी. इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या योजना आहेत. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट प्रत्येक जाहिरातीत नव्याने वाचा.

७. कागदपत्रं

ही यादी फ्रिजवर चिकटवा:

- दहावी, बारावीची मार्कशीट आणि बोर्डाची प्रमाणपत्रं
- प्रत्येक सेमिस्टरची मार्कशीट, एटीकेटी असेल तर तीसुद्धा
- विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा एकत्र अधिकृत उतारा), किमान तीन प्रती
- पदवी प्रमाणपत्र, किंवा तोवर प्रोव्हिजनल
- टीसी आणि मायग्रेशन (दिल्लीला जाणाऱ्यांनी विसरू नये)
- भाषेच्या परीक्षांचे निकाल
- शिक्षणाचं माध्यम सांगणारं पत्र
- पासपोर्ट
- डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेअर

नावाचा घोळ महाराष्ट्रात हमखास होतो. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि काही ठिकाणी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. परदेशातला अधिकारी दोन वेगळी माणसं समजतो. पासपोर्ट काढतानाच स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे ठेवा.

बीए मराठी माध्यमातून केलं असेल तर माध्यमाचं पत्र उपयोगाचं नाही, आयईएलटीएस किंवा टोफेल ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल. त्यात कमीपणा काही नाही. फक्त तारीख लवकर धरा, आयईएलटीएसचा निकालही दोन वर्षंच चालतो.

जपान आणि कोरिया दोन्ही देश अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावलेला शिक्का, मानतात. आपल्या शैक्षणिक कागदांवर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. एजंट दोन्ही एकदम करून देतो. मूळ मार्कशीट त्याच्या हाती देण्याआधी स्कॅन करून ठेवा आणि पोच घ्या.

८. एसओपी (अर्जासोबतचं उद्देशपत्र): नाशिक सोडू नका

"लहानपणापासून अॅनिमे पाहत आले" या वाक्याने सुरू होणारे अर्ज निवड समितीने शेकड्यांनी वाचलेले असतात. तुमच्याकडे त्यांच्याकडे नसलेलं काहीतरी आहे. त्रिरश्मी ही बौद्ध लेणी घराजवळ आहेत, आणि सातव्या शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याबद्दल लिहून गेला. लासलगावचा कांदा आग्नेय आशियाच्या बाजारात चीनच्या कांद्याशी स्पर्धा करतो. ओझरला सुखोई-३० बनली, आणि चीनचं हवाई दलही याच रशियन घराण्यातली विमानं उडवतं. यातला एक प्रश्न घ्या, त्यावर काय वाचलं ते लिहा, आणि तो सोडवायला कुठली भाषा कुठल्या पातळीपर्यंत लागेल ते सांगा. एवढं नेमकं लिहिणारा अर्जदार लक्षात राहतो.

शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना किमान महिनाभर आधी भेटा. बरेच जण "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणतात. तसं झालंच तर त्यांनी वाचलेल्या तुमच्या एखाद्या निबंधाचा किंवा प्रकल्पाचा मुद्दा त्यांनाच घालायला सांगा. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर हवं, आणि ईमेल शक्यतो संस्थेचा. परदेशी विद्यापीठं जीमेलवरून आलेल्या पत्राकडे संशयाने पाहतात.

९. वर्षवार आखणी

एफवाय: भाषा सुरू, क्रेडिट बँकेचा क्रमांक, डिसेंबरला एन५.
एसवाय: डिसेंबरला एन४, मायनर पक्का, पासपोर्ट.
टीवाय: एन३ किंवा टोपिकची तयारी. चौथं वर्ष करायचं की तीन वर्षांवर बाहेर पडायचं, याचा निर्णय सहावं सेमिस्टर सुरू व्हायच्या आत. इथेच थांबणाऱ्यांनी सीयूईटी-पीजीचा फॉर्म भरायचा, तो हिवाळ्यातच येतो.
चौथं वर्ष: प्रकल्पाचा विषय एमएच्या विषयाशी जुळवून घ्या, एन२ ला बसा, परदेशी अर्ज.

शेवटचं अडतं ते तारखांपाशी. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, कोरियाचं मार्चला, तैवानचं सप्टेंबरला, आणि आपला शेवटच्या सेमिस्टरचा निकाल जून-जुलैत लागतो. अर्ज करताना पदवी हातात नसतेच. त्यासाठी 'अपेक्षित पदवी प्रमाणपत्र' लागतं, म्हणजे हा विद्यार्थी अमुक महिन्यात पदवीधर होणं अपेक्षित आहे असं प्राचार्यांच्या सहीचं पत्र. कॉलेजकडे त्याचा नमुना नसतो आणि क्लार्क बोनाफाईड हातात ठेवतो. बोनाफाईड चालत नाही. पत्राचा इंग्रजी मजकूर स्वतः तयार करा, त्यात महिना आणि वर्ष स्पष्ट लिहा, खाली प्राचार्यांचं पूर्ण नाव, पद आणि गोल शिक्का घ्या, आणि दोन मूळ प्रती मागा. एक अर्जासोबत जाते, दुसरी व्हिसाच्या वेळी लागू शकते.